थंडीतच वाजणारे नाना

समोर बसलेल्या माणसाला न ओळखणारे आणि साता समुद्रांपलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या, बहुधा हयातही नसलेल्या माणसाला दोन श्वासांत ओळखणारे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आले, आणि ते माझे व्याही निघाले. मुलाचे सासरे म्हणून त्यांच्याविषयी चांगले लिहिणे मला भाग आहे, असे वाचकांनी समजू नये. मी पस्तीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजल्या. नात्याकडे पाहून बांध सरकवण्याची मला सवय नाही.

आमची पहिली भेट दोंडाईच्याला, सोयरिकीच्या बोलण्यांच्या वेळी झाली. तेथील एका जिनिंग कारखान्यात ते फिटर होते आणि कारखान्याच्या आवारातील दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत. आमच्याकडून माझे थोरले बंधू बोलत होते. चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ करून मुख्य प्रश्न मांडला: लग्न जळगावला करावे असा आमचा विचार आहे, मुलीकडच्यांची हरकत आहे काय? व्याह्यांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे ठेवून उजव्या हाताचे बोट वर केले. “थांबा.” सगळे थांबले. बाहेर कोणाच्या तरी लाउडस्पीकरवर जुने हिंदी गाणे लागले होते. ते संपेपर्यंत बोट खाली आले नाही. बंधूंना घाम फुटला. आपल्या बोलण्यात अपमान होईल असे काय गेले याची ते मनात उजळणी करू लागले. गाणे संपले. “हाऊ तो नही,” व्याही समाधानाने म्हणाले. “तो म्हणजे कोण?” बंधूंनी विचारले. “गिटारवाला हो. मला वाटलं, कलकत्त्याकडचा. पण हा दुसराच. हा कांडी दाबून धरतो.” मग त्यांना आमची आठवण झाली. “जळगावचं काय म्हणत होते? चालेल.” आतून विहीणबाईंचा आवाज आला, “कशाला ‘हो’ म्हणताय ते ऐकलं तरी का?” “नही,” व्याही म्हणाले, “पन मानसं चांगली शेतस.” सोयरीक जुळली ती अशी. एरवी ते माझ्याशी शहरी मराठी बोलत. उत्साह चढला की ती सुटे आणि खालची खान्देशी उघडी पडे.

ज्या गिटारीसाठी त्यांनी माझ्या बंधूंना तीन मिनिटे ताटकळत ठेवले, ती साधी गिटार नव्हे. ती आडवी ठेवतात, आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. त्यामुळे सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घरंगळत जातो. याहून अधिक मला कळत नाही आणि कळल्याचे सोंग मी करणार नाही. व्याह्यांना मात्र त्या घरंगळण्यातून माणूस दिसे. कांडी तारेवर टेकवताना किती खरखरते, उचलताना मागे काय राहते, सूर थरथरवायला वाजवणारा केव्हा सुरुवात करतो: सूर लागताच, की लागून थोडा मुरल्यावर. “भाऊ, चाल गाणाऱ्याची असते,” ते मला सांगत, “पण थरथर ज्याची त्याची. ती उसनी मिळत नाही.”

हा कान त्यांना संगीताने दिलेला नव्हता, जिनिंगच्या यंत्रांनी दिला होता. सरकीपासून रुई वेगळी करणारी वीस-पंचवीस यंत्रे एका शाफ्टवर, पट्ट्यांनी जोडलेली, एकदम चालत, त्या गदारोळात फाटकाशी उभे राहून ते सांगत, “सात नंबरचा रोलर कोरडा पडलाय.” सात नंबरचाच असे. निवृत्तीचे वय उलटून गेले तरी मालकाने त्यांना सोडले नाही, ते याच कारणासाठी. एकदा ते आमच्या जळगावच्या घरी आले, बैठकीत बसले, पाणीही न पिता वर पाहिले आणि म्हणाले, “हा पंखा आठ दिवसांत बसेल.” पंखा सहाव्या दिवशी बसला. दोन दिवसांची चूक मी त्यांच्या नजरेस आणून दिली. “तुम्ही जास्त चालवला असेल,” ते म्हणाले. जळगावच्या मे महिन्यात पंखा कमी चालवणारा माणूस त्यांना कोठे भेटला होता, हे मी विचारले नाही.

तबकड्या त्यांच्याकडे आल्या त्या शिवणयंत्राच्या मार्गाने. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पूर्वी अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच होती. त्यांपैकी एक इंजिन ड्रायव्हर नोकरी संपवून मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्याने घरातील सामान विकायला काढले. त्यात चांगल्या स्थितीतील शिवणयंत्र आहे असे कळल्यावरून विहीणबाईंनी व्याह्यांना भुसावळला धाडले. ते गेले तेव्हा ड्रायव्हरच्या घरात एक तबकडी वाजत होती. संध्याकाळच्या गाडीने ते परतले ते एक लोखंडी पेटी, तिच्यात एकशे बारा तबकड्या आणि वर बांधलेला रेकॉर्ड प्लेअर घेऊन. “मनं मशीन?” विहीणबाईंनी आपल्या यंत्राविषयी विचारले. शिवणयंत्र पाहायचे राहून गेले, हे व्याह्यांना तेव्हा आठवले. या घटनेला इतकी वर्षे झाली, तरी विहीणबाई फाटलेला कपडा हाती आला की शांतपणे म्हणतात, “मनं मशीन भुसावळच्या फलाटवर शे. येईल.”

त्या तबकड्यांवरची गाणी अमेरिकेतील खेड्यापाड्यांची. तिकडे त्यांना कंट्री म्हणतात, हे आमच्या सूनबाईंनी मला पुढे सांगितले. व्याह्यांना नाव ठाऊक नव्हते आणि इंग्रजीही येत नव्हते. त्यामुळे गाण्यांचे अर्थ त्यांनी स्वतः ठरवले होते. एक गाणे बहिणीच्या पाठवणीचे आहे, असे ते डोळे मिटून सांगत. मी ते एका इंग्रजीच्या शिक्षकांना ऐकवले. ते मालमोटारीविषयी निघाले. मी तसे कळवले. “असेल,” ते म्हणाले, “बहीण मोटारीतच गेली असेल.” तो भाग कापसाचा आहे एवढे त्यांनी कोठून तरी मिळवले होते, आणि तेवढे त्यांना पुरे होते. “तिकडेही जिन चालत असणार. दुपारची पाळी सुटल्यावर वाजवतात हे लोक. ऐका, अंगात कापसाची धूळ आहे.”

त्यांचा एकच राग होता. तबकडीच्या पाकिटावर गाणाऱ्याचे नाव असते, फोटो असतो, फोटोत टोपीही असते. कांडी सरकवणाऱ्याचे नाव कोठेच नसते. “सातबाऱ्यावर मालकाचं नाव, आणि राबणारा कुठंच नाही, तसं झालं हे.” कुळाची नोंद इतर हक्कांच्या रकान्यात असते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले. पुढच्या भेटीत कारखान्याच्या लांब वहीत रकाने आखलेले होते: तबकडीचा क्रमांक, वाजवणारा, ओळखीची खूण, गाव, तारीख-वार, शेरा, आणि शेवटी साक्षीदार. क्रमांक त्यांचेच, पाकिटावर ऑइलपेंटने घातलेले. नावे ठाऊक नसल्यामुळे वाजवणाऱ्यांची बारशी त्यांनी केली. एक होता ‘पाटाचं पाणी’, कारण त्याचा सूर कोठे तुटत नसे. एक ‘मुकादम’, तो बाकीच्यांना दबकावत असे. एक ‘दोन मनांचा’: त्याची एक तार जागेवर राही आणि दुसरी चढत जाई. असे चौदा जण. गावाचा रकाना शेवटपर्यंत कोरा होता. “प्रत्येक माणसाला गाव असतं, भाऊ. कळेल तेव्हा भरू.” साक्षीदाराचा रकाना माझ्यासाठी होता, मी सरकारी माणूस म्हणून. जे मी स्वतः मोजलेले नाही त्याखाली मी सही करत नाही, असे मी पहिल्याच वेळी सांगितले. त्यांना वाईट वाटले नाही. प्रत्येक भेटीत चहाबरोबर वही आणि पेन पुढे येई, आणि मी फक्त चहा घेई.

या चौदांतले पहिले मानकरी नाना. ओट्यावर बसून, कोणाला ऐकवायचे नसताना, एखादा वडीलधारा माणूस बोलावा तसे हे वाजवणे आहे, म्हणून नाना. नाना अकरा तबकड्यांवर होते. त्यांच्याविषयी बोलताना व्याही अहोजाहो करत आणि आवाज उतरवत. नानांच्या खालोखाल पुतण्या. या पुतण्याविषयी त्यांचे मत बरे नव्हते. खुणेच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: “कांडी उचलताना करंगळी तारेला लागून टक् होते. हीच टक् नानांची. हात घराण्यातला आहे. धीर घेतला नाही. घाई करतो.” सबब तो पुतण्या. एकाच टक् वरून त्यांनी दोन पिढ्यांची वंशावळ लावली होती. मी एवढ्या पुराव्यावर वारसाची नोंद कधी मंजूर केली नसती.

नानांना ऐकण्याचे नियम होते. दिवाळीनंतर होळीपर्यंतच ऐकायचे, दुपारी चार वाजता, पहिली पाळी करून आंघोळ झाल्यावर. त्या दिवसांत बाकीचे कोणी नाही; त्यांची वेळ होळीनंतर. उन्हाळ्यात नानांची तबकडी बाहेर काढायची नाही. “उन्हानं तबकडी मऊ पडते. मी एकदा चैत्रात लावली, तर नाना आलेच नाहीत. पुतण्याला पाठवलं. नाना थंडीचा गडी शे.” थंडीतही नाना कधी कधी रुसत. त्या दिवशी शेऱ्यात नोंद होई: “नाना रुसले. पुतण्या आला.” मग व्याही तबकडी पुसून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विनवणी करत. हे सर्व मी ऐकून घेई. नातेसंबंधात ऐकून घेणे हे अर्धे काम असते.

तरीही मला कुतूहल होते, हे मान्य केले पाहिजे. एका उन्हाळ्यात, नाना वर्ज्य असल्यामुळे बाकीच्या तबकड्यांपैकी दहा मी निवडल्या. व्याह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवले. पाकिटे बाजूला ठेवली, क्रम बदलला, आणि कळू न देता चौथी तबकडी अकरावी म्हणून पुन्हा लावली. त्यांनी एकेक नाव सांगितले. मी वहीशी ताडून पाहिले. एकही चुकले नाही. अकराव्या वेळी ते भिंतीकडेच पाहत म्हणाले, “ही मघाशी लावली होती तुम्ही. तेव्हा सुई झटकली नव्हती.” मी सुई झटकली नव्हती, हे खरे होते. विहीणबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. “परकी मानसं पाठीमागून ओळखू येतस,” त्या म्हणाल्या, “मना भाऊ उना तं कोन म्हणी ईचारतस.” त्यांचे बंधू आठवड्यापूर्वी येऊन गेले होते आणि व्याह्यांनी त्यांना वीजबिलवाला समजून बाहेरच उभे केले होते.

नंतर कारखाना बंद झाला. क्वार्टर सोडून व्याही धुळ्याला, देवपूर भागात बांधलेल्या स्वतःच्या घरी राहायला आले. नवे घर, टाइल्स, भरपूर उजेड, पाठीमागे विहीणबाईंची तुळस. दिवाळी झाली, थंडी पडली. गुलाबी थंडीच्या पहिल्या दुपारी चार वाजता त्यांनी नानांची सदतीस क्रमांकाची तबकडी लावली. पुतण्या आला. दुसऱ्या दिवशी पुतण्या. अकराच्या अकरा तबकड्या लावून झाल्या, सगळीकडे पुतण्या. नवी जागा आहे, रुळतील, असे म्हणून त्यांनी तो हिवाळा काढला. दुसऱ्या हिवाळ्यात थंडी एवढी पडली की पहाटे लोक रस्त्यावर शेकोट्या करत. नाना आले नाहीत. ऊन हे कारण नव्हते, तबकडी तीच होती, यंत्र तेच होते. ते यंत्र दर खंडेनवमीला पान्या-हातोड्यांबरोबर पुजले जाई आणि त्यात तेल पडे. त्याच्यावर संशय घेणे त्यांच्या मनातही येणे शक्य नव्हते. मग उरले काय? कान.

मुलीने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, आग्रहाने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला यंत्र लावून डॉक्टरांनी बारीकमोठे आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या मशीनचा तिसरा आवाज हलतोय. आधी तो दुरुस्त करा.” डॉक्टर हसले आणि म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. व्याह्यांनी यावर विश्वास ठेवला नाही. “त्यांना नाना कुठं माहीत आहेत?” रस्त्यात ते मुलीला म्हणाले. त्यांचा हिशोब सरळ होता. नाना आणि पुतण्या यांच्यातला फरक ज्या कानाला कळत नाही तो कान गेला. आणि तो केव्हापासून जात होता हे कोण सांगणार? मग वहीतल्या कोणत्या नोंदी खऱ्या आणि कोणत्या बहिऱ्या माणसाच्या? चौदा माणसे त्यांनी एका कानाच्या भरवशावर उभी केली होती. कान पडला की चौदाही पडत होते.

त्या संक्रांतीनंतर त्यांनी पेटीला कुलूप लावले आणि ती, प्लेअर आणि तोवर भरलेल्या तीनही वह्यांसह, माझ्याकडे जळगावला पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती: “आपण सही केली नाही ते बरोबर केले.” मी ती दोनदा वाचली. मला ती आवडली नाही.

वह्या हाती आल्या तेव्हा मी जे आयुष्यभर केले तेच केले. पहिल्या पानापासून तपासणी सुरू केली. सूनबाई शेजारी मोबाइल घेऊन बसल्या. परदेशात असे कित्येक लोक आहेत की जे जुन्या गाण्यांत कांडी कोणी सरकवली हे शोधण्यात आयुष्य घालवतात, स्टुडिओतले जुने कागद धुंडाळतात आणि एकमेकांशी कडाक्याने भांडतात, असे त्यांनी सांगितले. आपले व्याही जगात एकटे नाहीत, ही मला नवी माहिती होती. सूनबाईंनी तबकड्या एकेक करून त्या याद्यांशी ताडल्या. पाटाचे पाणी खरा निघाला, मुकादमही खरा. वहीत जो एक तो यादीतही एकच, जे दोन ते दोनच. अपवाद एका ठिकाणी. सूनबाई थबकल्या. “बाबा, नाना आणि पुतण्या, दोघांचं नाव एकच आहे.” “बापलेक असतील, नाव सारखे असेल.” “नाही हो. माणूसच एक आहे.”

येथे कोणीही म्हटले असते की म्हाताऱ्याचा कान चुकला. परंतु माझ्या खात्यात नव्या माणसाला पहिला धडा निराळा देत. एकच शेत दोनदा मोजून दोन आकडे आले, तर शेत बदललेले नसते. मोजणीची साखळी ताणली गेलेली असते. म्हणून शेत मोजण्यापूर्वी साखळी मोजावी. मी स्वतः हा धडा पुढे कित्येकांना दिला, आणि व्याह्यांकडे वीस वर्षे चहा घेताना तो मला एकदाही आठवला नाही.

मी दोंडाईच्याच्या वेळचे ‘नाना रुसले’ हे शेरे वेगळ्या कागदावर उतरवून काढले. एकोणीस होते. त्यांच्यापुढे वार लिहिले. अठरा बुधवार आले. एकोणिसावा सोमवार होता, पण ती संक्रांत होती. मी चष्मा काढून पुसला आणि सूनबाईंना विचारले, “तुमच्या कारखान्याला साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असे?”

“बुधवारी. का हो?”

“बुधवारी घरात आणखी काय होत असे?”

“काय होणार? आई चटण्या वाटायची. सीझनमध्ये बाकीच्या दिवशी मिक्सर फिरायचाच नाही. जिन सुरू झालं की क्वार्टरमधला दिवा असा पिवळा पडायचा, मेणबत्तीसारखा. व्होल्टेजच नसायचं. मी अभ्यास…” त्या बोलता बोलता थांबल्या आणि कोपऱ्यातल्या प्लेअरकडे पाहू लागल्या.

दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चाले. दुपारच्या पाळीला सगळी यंत्रे एकदम लागत, क्वार्टरमधला विजेचा दाब पडे, आणि प्लेअरचे चाक जरासे संथ फिरे. तबकडीतील घाईचा पुतण्या त्या संथ चाकावर जड होई, खाली उतरे, धीराचा होई. गाणाराही जड होत असणार. परंतु गाणाऱ्याकडे व्याह्यांनी कधी लक्ष दिले नव्हते. बुधवारी आणि संक्रांतीला जिन बंद, चाक पूर्ववत; अशा सुटीच्या दिवशी क्वचित तबकडी लागली की नाना रुसले. उन्हाळ्यात सीझन नाही, नाना नाहीत. धुळ्यात जिनच नाही. कान चुकलेला नव्हता. तो इतका बरोबर होता की विजेच्या दाबातला फरक त्याने माणूस म्हणून ओळखला होता.

हे कळल्यावर ते फोनवर सांगावे की नाही, असा प्रश्न माझ्यापुढे होता. एका वाक्यात माणसाला कान परत मिळत होता आणि त्याच वाक्यात नाना जात होते. ज्याचे जे आहे ते मोजून दाखवावे आणि बोलणे कमी ठेवावे, ही माझी पद्धत. विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून मी डिमरस्टॅट मागून आणला. हे हंड्याएवढे लोखंडी यंत्र असते. त्याची मूठ फिरवली की विजेचा दाब हवा तेवढा कमीजास्त करता येतो. पेटी, प्लेअर आणि हा हंडा मुलाच्या गाडीत घालून मी पारोळामार्गे धुळ्याला गेलो.

व्याह्यांनी पेटी पाहून मान फिरवली. “भाऊ, गेलेल्या माणसाची नाडी काय पाहता?”

“आबा, बसा,” मी व्याह्यांना म्हणालो, “भिंतीकडे तोंड करा.”

ते बसले. चार वाजले होते. मी सदतीस क्रमांकाची तबकडी लावली.

“कोण?”

“पुतण्या,” ते भिंतीला म्हणाले. “मला दुसरं कोण ऐकू येणार?”

मी मूठ उलटी फिरवली, सावकाश. काटा दोनशेतीसवरून उतरत एकशेसत्तरवर आला. गाणाऱ्याचा आवाज जड झाला. व्याह्यांची पाठ ताठ झाली. उजव्या हाताचे बोट वर गेले. खोलीत कोणीही बोलत नव्हते, तरी ते म्हणाले, “थांबा.” आणि मग, ज्या आवाजात माणूस बाहेरगावाहून आलेल्याचे नाव दारातून घरात सांगतो त्या आवाजात, “अव, नाना उना!”

विहीणबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मी मूठ वर नेली. पुतण्या. खाली आणली. नाना. तिसऱ्यांदा माझा हात हलला तेव्हा व्याह्यांनी वळून तो धरला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, मग चाकाकडे. ते फिटर होते. मला काही सांगावे लागले नाही.

“जिन,” ते म्हणाले.

“होय.”

“दुपारची पाळी.”

“होय.”

“आयुष्यभर लोकांचे पट्टे ताणले मी, भाऊ. आणि माझ्याच घरातलं चाक ढिलं.”

“मी सांगू नही का?” विहीणबाई म्हणाल्या. “मिक्सर फिरस नही, मिक्सर फिरस नही. तुमी म्हणा, मसाला ओला शे!”

ते हसले नाहीत. तबकडी संपली, सुई मध्यभागी खरखरत राहिली. “म्हणजे नाना नव्हतेच,” ते म्हणाले.

“कान बरोबर होता,” मी म्हणालो. “चूक साखळीची होती.”

त्यांनी पेटीतून वही काढली. मला वाटले, अकरा नोंदी खोडतील. मी असतो तर खोडल्या असत्या. त्यांनी नानांचे नाव तसेच राहू दिले आणि इतकी वर्षे कोऱ्या राहिलेल्या रकान्यावर बोट ठेवले, गावाच्या. पहिल्या नोंदीपुढे त्यांनी लिहिले: दोंडाईचा. मग पान उलटून पुढची नोंद शोधली आणि तेथेही दोंडाईचा. अकरा वेळा, तेवढ्याच सावकाश. शेऱ्यात विजेचा दाब लिहिला; आकडा मला विचारून घेतला. विहीणबाईंनी चहा आणला. सवयीने चहाबरोबर वही आणि पेनही माझ्यापुढे सरकले.

हे मी स्वतः मोजले होते. मी अकराही ठिकाणी सही केली.

डिमरस्टॅट मी धुळ्यालाच ठेवून आलो. आता दिवाळी उलटली की एखाद्या दुपारी चारच्या सुमारास फोन येतो. “भाऊ, नाना उना,” व्याही म्हणतात आणि फोन प्लेअरजवळ नेऊन ठेवतात. मूठ ते स्वतः फिरवतात, आणि थंडीतच फिरवतात. उन्हाळ्यात का नाही, हे मी विचारलेले नाही. नाना आणि पुतण्या यांच्यातील फरक मला अजूनही कळत नाही. पण गाणे संपेपर्यंत मी फोन ठेवत नाही.